कादंबरीकार नाथमाधव

मराठी वाचक ज्यांस नाथमाधव या नावाने ओळखतात, त्यांचे खरे नाव द्वारकानाथ माधवराव पितळे. आपल्या नावाचा अखेरचा अंश आणि वडिलांचे नाव यांची जोड करून त्यांनी हे टोपणनाव घेतले, व ते इतके रूढ झाले की मूळ नाव सांगितले असता कित्येक वाचक बुचकळ्यात पडतील. त्यांचा जन्म ३ एप्रिल १८८२ रोजी मुंबईस झाला आणि २१ जून १९२८ रोजी ते निवर्तले. म्हणजे त्यांस पुरती पन्नास वर्षेही लाभली नाहीत. आणि जी लाभली त्यांतील निम्मी त्यांनी कशा अवस्थेत काढली, हे सांगण्यासाठीच आम्ही हे चरित्र लिहावयास घेतले आहे.

यास एक कारणही आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांस गोष्टी लिहिण्याचा नाद आहे. वहीच्या मागच्या पानांवर उडणारे घोडे, मंतरलेली तळी, भुयारांतून निघणारे राजपुत्र यांचा संचार चालू असतो. असल्या कल्पनेच्या खेळात मुलाचा अमूल्य वेळ फुकट जात नाही काय, अशी शंका पालकांस येणे साहजिक आहे. आणि अभ्यास, घरकाम व शेतातील राबणूक यांतून लिहावयास वेळ कसा काढावा, ही विद्यार्थ्यांची अडचणही तितकीच खरी आहे. या दोन्ही प्रश्नांवर नाथमाधवांच्या आयुष्याचा चांगला प्रकाश पडतो.

त्यांच्या जन्मापूर्वीच मराठीत कादंबरीचा पाया घातला गेला होता. बाबा पद्मनजी यांचे यमुनापर्यटन हे पुस्तक १८५७ साली निघाले. विधवांच्या दुःस्थितीचे ते चित्र होते. परंतु त्यानंतर लवकरच वाचकांचा ओढा अद्भुताकडे वळला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची मुक्तामाला १८६१ साली आणि नारो सदाशिव रिसबूड यांची मंजुघोषा १८६८ साली प्रसिद्ध झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील चमत्कारिक गोष्टी मराठीत आणण्यास आरंभ केला, तोही याच काळात. वेताळपंचविशी व सिंहासनबत्तिशी ऐकत वाढलेल्या समाजास हा प्रकार परका वाटला नाही. पुढे रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या कथांचा पगडा मराठी लेखकांवर बसला, आणि गुप्त वाटा, हरवलेले वारस, वेषांतरे व अकल्पित भेटी यांची कादंबरीत रेलचेल झाली. नाथमाधव वयात आले तेव्हा वाङ्मयाचे वारे असे वाहत होते.

मात्र तरुणपणी ते लेखक नव्हते. विश्वविद्यालयाची पदवी त्यांच्या पदरी नव्हती. मुंबईत कुलाब्यास तोफांचा कारखाना होता. तेथे ते नोकरीस लागले. त्यांस शिकारीचा मोठा शौक होता व या शौकापायी ते रानावनांत व डोंगरकड्यांवर हिंडत. सन १९०५ च्या सुमारास असेच एकदा शिकारीसाठी सिंहगडावर गेले असता कड्यावरून त्यांचा पाय घसरला व ते खाली कोसळले. प्राण वाचला, पण कमरेखालचा सर्व भाग कायमचा लुळा पडला. त्या वेळी त्यांचे वय सुमारे तेवीस वर्षांचे होते.

विद्यार्थिमित्रहो, क्षणभर या स्थितीचा विचार करा. ज्यास चार भिंतींत बसणे ठाऊक नव्हते, त्या तरुणास आता अंथरुणावरून उठताही येईना. वेळ मात्र आता अमाप झाला. पण दुखणाइताचा वेळ हा मोकळा वेळ नव्हे. तो वेदनेत जातो, परावलंबनात जातो, आणि सर्वांत अधिक तो निराशेत जातो. अशा वेळेतून कामाचा एक तास काढणे हे धडधाकट माणसाने दिवसभराच्या धबडग्यातून एक तास काढण्याइतकेच, किंबहुना त्याहूनही, कठीण असते.

नाथमाधवांनी तो तास काढला. प्रथम त्यांनी वाचनास वाहून घेतले, व वाचनातून लेखनाकडे ते वळले. प्रेमवेडा ही त्यांची पहिली कादंबरी १९०८ साली प्रसिद्ध झाली. अपघातास तेव्हा उणीपुरी तीन वर्षे झाली होती. पुढे सावळ्या तांडेल ही कादंबरी आली. तिच्यात दर्यावर्दी जीवनाचे चित्र आहे. आणि १९१३ साली त्यांची वीरधवल ही अद्भुतरम्य कादंबरी वाचकांच्या हाती पडली. मराठीत पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेलेल्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. आजोबांनी वाचलेले पुस्तक नातवानेही तितक्याच उत्कंठेने वाचावे, हे भाग्य फार थोड्या ग्रंथांच्या वाट्यास येते. ते वीरधवलास लाभले.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. टीकाकारांनी असल्या कादंबऱ्यांवर ठेवलेले दोष सर्वस्वी खोटे नाहीत. त्यांतील योगायोग पुष्कळदा अतिरेकास जातात. सज्जन तो केवळ सज्जन व दुष्ट तो केवळ दुष्ट असा प्रकार असतो. आणि आपल्या भोवतालचा मनुष्य त्यांत क्वचितच भेटतो. परंतु असंभाव्य असे काही लिहिले म्हणजे ते निरर्थकच, असे मात्र आम्हांस वाटत नाही. कल्पित राज्यातही वचन मोडले तर त्याचे फळ भोगावे लागते, भित्र्यास भय जिंकावे लागते आणि दुर्बळाच्या पाठीशी कोणी तरी उभे राहावे लागते. वाचक उडत्या घोड्यावर विश्वास ठेवीत नाही, पण घोडेस्वाराच्या धैर्यावर ठेवतो. ज्याचे स्वतःचे पाय गेले होते त्याने असा वीरकथांचा विस्तार मांडावा, यात दुःखापासून पळ काढणे होते की दुःखाला दिलेले उत्तर होते, याचा निर्णय वाचकांनीच करावा. आमचा कौल दुसऱ्या बाजूस आहे.

शिवाय नाथमाधव अद्भुताच्या राज्यातच गुंतून पडले नाहीत. डॉक्टर या कादंबरीत ते समाजाच्या प्रश्नांकडे वळले. पुढे १९२१ साली स्वराज्याचा श्रीगणेशा या पुस्तकापासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासावर कादंबऱ्यांची एक मालाच सुरू केली. स्वराज्याची स्थापना, स्वराज्याचा कारभार, स्वराज्यावरील संकट अशी तिची एकामागून एक पुष्पे निघत गेली, व हे काम त्यांच्या अखेरच्या वर्षांपर्यंत चालू होते. ज्या गडाने त्यांचे पाय हिरावून घेतले, त्या गडकोटांच्या इतिहासालाच त्यांनी आपली लेखणी वाहिली. पहिल्या पुस्तकापासून मृत्यूपर्यंत केवळ वीस वर्षांचा अवधी. तेवढ्यात एका अपंग गृहस्थाने हा सारा संसार उभा केला. अद्भुतकथा लिहिताना कथानक रचण्याचा, उत्कंठा राखण्याचा व वाचकाचा हात न सोडण्याचा जो अभ्यास झाला होता, तो इतिहास सांगतानाही त्यांच्या उपयोगी पडला, हे उघड आहे.

दूरदेशीही असाच दाखला सापडतो. ऑक्सफर्ड विश्वविद्यालयातील प्राध्यापक टॉल्किन हे कुटुंबाच्या खर्चास हातभार लागावा म्हणून उन्हाळ्यात परीक्षेचे कागद तपाशीत. एका विद्यार्थ्याने कोरे सोडलेले पान हाती आले, त्यावर त्यांनी एका विलक्षण गोष्टीचे पहिले वाक्य लिहिले. तीच गोष्ट १९३७ साली हॉबिट या नावाने ग्रंथरूपाने निघाली. तिच्यामागून आरंभिलेली मोठी कथा प्रसिद्ध होण्यास १९५४ साल उजाडले. नोकरी न सोडता, उरल्यासुरल्या वेळात, ते सतरा वर्षे एकाच कामास चिकटून राहिले.

आणि आपल्या बीड जिल्ह्यास तर या धड्यासाठी दूर जाण्याचे कारणच नाही. आंबेजोगाईस सोळाव्या शतकात दासोपंत होऊन गेले. त्यांचा विषय अध्यात्माचा, कल्पित कथेचा नव्हे. पण सुमारे चाळीस फूट लांबीच्या वस्त्रावर त्यांनी लिहिलेली पासोडी आजही पाहणाऱ्यास थक्क करते. त्यांस लिहावयास रोज एका ढब्बू पैशाची शाई लागत असे, अशी आख्यायिका आहे. तिचा अर्थ इतकाच, की मोठे लेखन हे एका रात्रीत होत नाही. त्यास रोजची शाई लागते.

थोडा हिशेब करून पाहू. दररोज दीडशे शब्द, म्हणजे वहीचे जेमतेम एक पान. वर्षाचे तीनशे दिवस हा नेम पाळला तर पंचेचाळीस हजार शब्द होतात, आणि तेवढ्यात एक लहानशी कादंबरी पुरी होते. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीस बाहेर पडतात. कित्येक मुले आईबापांबरोबर फडावर जातात, कित्येक आजीआजोबांपाशी मागे राहून लहान भावंडांस सांभाळतात. अशा मुलास शांत खोली व मोकळी दुपार कोठून मिळणार? पण चूल विझल्यावरची अर्धी घटका, पाण्याचा हंडा भरेपर्यंतचा वेळ, गाडीच्या वाटेत सुचलेले एखादे नाव, हे त्याचेच असते. ते त्याच्यापासून कोणी हिरावू नये.

म्हणून पालकवर्गास आमची विनंती अशी, की अभ्यासाचा आग्रह अवश्य धरावा, पण वहीची मागची पाने फाडू नयेत. त्यांतील राजपुत्र बहुधा कोठेच पोहोचणार नाही. परंतु त्यास वाट दाखविता दाखविता मूल भाषा शिकते, धीर शिकते आणि आरंभिलेले शेवटास नेणे शिकते. आणि विद्यार्थ्यांस सांगणे एवढेच : सवड मिळेल तेव्हा लिहू, असे म्हणणाऱ्यास सवड कधीच मिळत नाही. नाथमाधवांस पाय होते तोवर त्यांच्या हातून पुस्तक झाले नाही. पाय गेल्यावर झाले. तुम्हांस दोन्ही पाय आहेत, हात आहे, आणि आज रात्री निजण्यापूर्वीची अर्धी घटका आहे. तेवढ्यात एक पान होते.