आठ आऱ्यांचे चाक

हल्ली घरात मोटार आली की तिच्या मागोमाग नवी चाके येतात. कंपनीने दिलेली लोखंडी चाके मुलांच्या नजरेत भरत नाहीत. मग रात्रीची जेवणे आटोपली की बाप-लेक मोबाईलवर अ‍ॅलॉय व्हील्सची चित्रे चाळत बसतात. कोणाला पाच आऱ्यांचे हवे, कोणाला काळे कुळकुळीत. किंमत, सवलत, घरपोच. अशा चाकांचा विषय निघाला की मला एत्तोरे बुगाटी हा माणूस आठवतो. अ‍ॅल्युमिनियमचे ओतीव चाक त्याने मोटारीला लावले ते १९२४ साली, आणि शोभेसाठी खचितच नव्हे.

एत्तोरेचा जन्म १८८१ चा, मिलानचा. वडील कार्लो हे फर्निचरचे नामांकित रचनाकार. त्यांच्या खुर्च्या आज संग्रहालयांत आहेत. धाकटा भाऊ रेंब्रांट प्राण्यांची शिल्पे घडवू लागला. एत्तोरेही आधी कलेकडेच वळला होता, पण भावाच्या हातातली जादू पाहून त्याने तो नाद सोडला, असे सांगतात. तो तीनचाकी सायकली बनवणाऱ्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागला. १९०१ मध्ये त्याने स्वतः आखलेली मोटार मिलानच्या प्रदर्शनात गाजली आणि अल्सासमधल्या द दीत्रिश कंपनीने त्याला बोलावून घेतले. मौज अशी की एकवीस पूर्ण नसल्याने कायद्याच्या दृष्टीने तो अजून अज्ञान होता. करारावर सही वडिलांना करावी लागली!

पुढे एक-दोन नोकऱ्या झाल्या. १९०९ च्या अखेरीस अल्सासमधल्याच मोल्सहाइम गावी, कापड रंगवण्याच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात त्याने आपले बस्तान बसवले. पाठीशी उभा राहिला तो द व्हिस्काया नावाचा एक स्पॅनिश बँकर. मी आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासले, म्हणून मला या बँकरचे कौतुक वाटते. गहाण टाकायला तारणाच्या नावाने फारसे काही नाही, बोलणे अवाढव्य आणि हिशेबाची आवड बेताची. असा अर्जदार समोर बसला की आम्ही चहा पाजून वाटेला लावत असू. त्या वेळी अल्सास जर्मनीत होते, पहिल्या महायुद्धानंतर ते फ्रान्सकडे आले. कारखाना जागचा हलला नाही, देश मात्र बदलला.

आता त्या चाकाकडे येऊ. शर्यतीच्या मोटारींना तेव्हा तारांच्या आऱ्यांची चाके असत. तारा सैल पडत, तुटत, वरचेवर आवळाव्या लागत. बुगाटीने ‘टाइप ३५’ या गाडीसाठी अ‍ॅल्युमिनियमचे अखंड चाक ओतून घेतले: आठ रुंद, चपटे आरे आणि चाकातच सामावलेला ब्रेकचा ड्रम. चाक उतरवले की ड्रमही बाहेर येई, आणि ब्रेकचे अस्तर किती झिजले ते तिथल्या तिथे दिसे. चपट्या आऱ्यांमुळे ड्रमवर वारा खेळे. टायर घसरू नये म्हणून कडेला स्क्रूंनी बसवलेली वेगळी कडी होती. त्यात स्प्रिंगच्या खाली लोंबणारे वजन कमी झाले की चाक रस्ता सोडत नाही; खड्ड्यातून उडालेले जड चाक परत जमिनीवर यायला उशीर लावते. अमेरिकेत हॅरी मिलरनेही या दिशेने काम केले होते. पण लोकांच्या डोळ्यांपुढे हे चाक फिरवले ते बुगाटीने.

३ ऑगस्ट १९२४. लियाँची ग्रां प्री. बुगाटी पाच नव्या गाड्या घेऊन मोठ्या थाटात उतरला. तंबूंचे गावच वसवले म्हणा ना. पाचांतल्या एका गाडीच्या सुकाणूवर त्या बँकरचा मुलगा पिएर होता. शर्यत सुरू झाली आणि टायरांची कातडी सोलली जाऊ लागली. त्या चाकांसाठी खास बनवलेल्या टायरांचे रबर नीट पक्के झालेलेच नव्हते. बुगाटीची सर्वांत पुढची गाडी सातवी आली. दुसरा कोणी असता तर त्याने मुकाट्याने तारांची चाके परत लावली असती. बुगाटीने गिऱ्हाइकांना पत्र धाडून दोष टायरांचा, गाडीचा नव्हे, हे कळवले आणि चाक कायम ठेवले. पुढे १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे सिसिलीच्या डोंगरातली तार्गा फ्लोरिओ शर्यत त्याच्या गाड्यांनी मारली. १९२९ ची पहिली मोनॅको ग्रां प्रीही त्यांचीच.

लियाँची ही हकीगत चित्रे चाळणाऱ्या बाप-लेकांना ऐकवावीशी वाटते. चाक चांगले असूनही टायरने दगा दिला, कारण दोन्ही मिळून एकच वस्तू असते. चित्रात आऱ्यांचा डौल दिसतो. बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास, मधल्या भोकाचे माप, चाक आत-बाहेर किती बसते तो ऑफसेट, आणि मुख्य म्हणजे ते किती किलो भार सोसते, हे चित्रात दिसत नाही. ते विचारावे लागते, आणि विक्रेता सांगत नसेल तर तिथून उठावे लागते.

यशाने बुगाटी अधिकच बेहिशेबी झाला. राजेरजवाड्यांसाठी त्याने ‘रॉयाल’ ही पावणेतेरा लिटर इंजिनाची प्रचंड गाडी आखली. रेडिएटरवर उभा हत्ती होता, रेंब्रांटच्या शिल्पावरून घेतलेला. रेंब्रांटने १९१६ मध्येच पॅरिसात आपले जीवन संपवले होते. पंचवीस गाड्या करायचा बेत होता. पण जागतिक मंदी आली, झाल्या सहा आणि विकल्या गेल्या तीन. पहिल्या गिऱ्हाइकाच्या गाडीला पुढचे दिवेच नव्हते, कारण तो रात्री गाडी काढत नसे. राजे काही आले नाहीत. अखेर तेच इंजिन रेल्वेच्या डब्यांना जोडले आणि कारखाना तगला.

मग एकामागून एक घाव बसले. १९३६ मध्ये कामगारांनी संप केला. त्यांना घरची माणसे मानणारा हा मालक दुखावून पॅरिसला निघून गेला. मोल्सहाइमचा कारभार थोरला मुलगा जाँ पाहू लागला, तोही बापासारखाच हुन्नरी. ११ ऑगस्ट १९३९ ला कारखान्याजवळच्या रस्त्यावर गाडीची चाचणी घेताना एका सायकलस्वाराला वाचवायला जाऊन तो गेला. वय तीस. महायुद्धात जर्मनांनी कारखाना विकायला लावला, आणि युद्ध संपल्यावर तो फ्रेंच सरकारच्या ताब्यात गेला. न्यायालयाने १९४७ मध्ये तो परत दिला, तेव्हा एत्तोरे मरणपंथाला लागला होता. २१ ऑगस्टला पॅरिसमध्ये त्याने डोळे मिटले. मोल्सहाइमला लागून असलेल्या डोर्लिसहाइमच्या स्मशानभूमीत तो जाँजवळच विसावला आहे.

त्याच्या जुन्या गाड्या आजही रस्त्यावर आणि शर्यतीत धावतात. शंभरी गाठलेल्या अ‍ॅल्युमिनियमला बारीक तडे जातात, म्हणून कित्येक मालक मूळची चाके जपून फडताळात ठेवतात आणि त्याच मापाची, आठ आऱ्यांची, नव्याने ओतून घेतलेली चाके लावून गाडी बाहेर काढतात.