मेरी शेली : एका मूक झालेल्या पात्राची निर्माती

विज्ञानकथेवर चित्रपट होताना मूळ साहित्यकृतीतील काय टिकते आणि काय गळते, हे समजून घेण्यासाठी मेरी शेली या इंग्रज लेखिकेचे चरित्र उपयुक्त ठरते.

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ रोजी लंडन येथे झाला. स्त्रियांच्या हक्कांचा पुरस्कार करणारी मेरी वुलस्टनक्राफ्ट ही तिची आई. विचारवंत विल्यम गॉडविन हे वडील. मुलीच्या जन्मानंतर अकरा दिवसांतच आईचे निधन झाले. १८१४ मध्ये, सोळा वर्षांची असताना, मेरीने विवाहित कवी पर्सी शेली याच्यासोबत घर सोडले. पुढील वर्षी तिची अपुऱ्या दिवसांची मुलगी दगावली.

१८१६ चा उन्हाळा युरोपात थंड व पावसाळी गेला. आदल्या वर्षीचा टांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक हे त्यामागील प्रमुख कारण होते. जिनीव्हा सरोवराकाठी घरात अडकलेल्या मित्रमंडळींपुढे कवी बायरन याने भुताची कथा लिहिण्याचा प्रस्ताव मांडला. त्यातून अठरा वर्षांच्या मेरीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी आकारास आली आणि १८१८ मध्ये लेखिकेच्या नावाविना प्रसिद्ध झाली.

या कादंबरीतील मानवनिर्मित जीवाला नाव नाही. मात्र त्याला भाषा आहे. एका कुटुंबाचे बोलणे लपून ऐकत तो शब्द शिकतो, मिल्टनचे काव्य वाचतो आणि आपल्या निर्मात्याला जाब विचारतो. तो क्रूर होतो तो सर्वांनी झिडकारल्यामुळे.

१८२२ मध्ये पर्सी शेली समुद्रात बुडून मरण पावला. पुढील वर्षी लंडनला परतलेल्या मेरीने आपल्या कादंबरीवरील नाटक पाहिले. त्यात तो जीव मुका होता. जाहिरातपत्रकावर त्याच्या नावाची जागा कोरी ठेवण्याची कल्पना मात्र तिला आवडली. धाकट्या मुलाला वाढवत ती लेखनावर जगली. १ फेब्रुवारी १८५१ रोजी लंडन येथे तिचे निधन झाले.

१९३१ मध्ये जेम्स व्हेल याने दिग्दर्शित केलेल्या चित्रपटानेही रंगभूमीवरील हा मुकेपणा कायम ठेवला. बोरिस कार्लोफच्या अभिनयाने पात्राविषयी करुणा निर्माण होते, हे खरे. परंतु तेथे त्याला चुकून गुन्हेगाराचा मेंदू बसविला जातो. परिणामी हिंसेचे कारण समाजाच्या वागणुकीतून शरीराच्या दोषात सरकते. १९३५ च्या उत्तरभागात त्याला मोजके शब्द मिळाले, तरी मूळचे वक्तृत्व परतले नाही. निर्मात्याचे आडनावच लोक त्या जीवाला लावतात.

माध्यम बदलले की कथा बदलणारच. परंतु पात्राची भाषा काढून घेतली की त्याची बाजूही हरवते, हे रूपांतराच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.

स्वाध्याय : आपण वाचलेल्या कथेवरील एखादा चित्रपट निवडा. त्यात कोणत्या पात्राचे बोलणे कमी झाले व त्यामुळे कथेचा अर्थ कसा बदलला, ते लिहा.