चिमण्यांची नोंद ठेवणारा मुलगा : डॉ. सलीम अली

डिलाईल रोडच्या चाळींत वाढलेल्या आम्हा मंडळींना चिमणी ही निरखून पाहण्याची गोष्ट आहे, असे कधी वाटले नाही. तिने तसबिरीमागे काड्या आणाव्यात आणि आम्ही त्या झाडून टाकाव्यात, एवढाच संबंध. येथून फार दूर नसलेल्या खेतवाडीत वाढलेल्या एका मुलाने मात्र तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहिले.

डॉ. सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते धाकटे. आईवडील लवकर वारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. मामांनी दिलेल्या छर्‍याच्या बंदुकीने ते चिमण्या टिपीत. सुमारे दहाव्या वर्षी त्यांनी नोंद केली ती अशी: मादी भोकात अंड्यांवर बसलेली, नर बाहेर खिळ्यावर पहार्‍याला. तो नर मारला की दुसरा येऊन तेथेच बसे. सात दिवसांत आठ नर पडले. हे वाचून आम्हांस वाईट वाटले. पण त्या वयात लिहून ठेवण्याची बुद्धी किती जणांस होते?

पुढे पिवळ्या गळ्याची एक अनोळखी चिमणी हाती आली, तेव्हा मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. तेथे पक्ष्यांचे जग खुले झाले. ब्रह्मदेशातून परतल्यावर सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी त्यांना प्राणिशास्त्राकडे वळविले. रीतसर पदवी मात्र नव्हती, आणि त्यापायी नोकरीची दारे बंद झाली. बर्लिनला शिकून १९३० साली परतले, तर म्युझियममधील जागाही राहिली नव्हती.

मग ते अलिबागजवळच्या किहीमला राहिले आणि सुगरणींची घरटी पाहू लागले. नाव स्त्रीचे, पण विणकर नर! तो घरटे अर्धे विणून थांबतो. मादी येऊन पारखते. तिला पसंत पडले तरच तो ते पूर्ण करतो, आणि लगेच दुसरीसाठी नवे घरटे विणावयास घेतो. घरबसल्या बेकारीत केलेल्या या निरीक्षणाने त्यांचे नाव झाले.

१९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक आले. १९७६ साली पद्मविभूषण लाभले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचे नाव त्यांनी चिमणीच्या पडण्यावरूनच ठेविले. २० जून १९८७ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले.