तयार आवाज नाकारणारी डेलिया

तुमच्यापैकी बरेच जण मोबाइलवर बीट्स बनवत असतील. काहींनी पॉकेटमनी साठवून छोटा पॅड कंट्रोलरही घेतला असेल. जाहिरात भारी असते. काही शिकायची गरज नाही, बटण दाबा, ट्रॅक तयार! स्केल आधीच लॉक, त्यामुळे सूर चुकायची भीतीच नाही. पहिला आठवडा मजेत जातो. मग कळतं, की आपला ट्रॅक आणि मित्राचा ट्रॅक सेम टू सेम वाजतोय. आवाज जरा बदलावा म्हटलं, तर आत शिरायला वाटच ठेवलेली नाही. अशी चिडचिड होत असेल, तर डेलिया डर्बीशायर तुम्हाला माहीत असायलाच हवी.

डेलियाचा जन्म १९३७चा, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा. ती तीन वर्षांची असताना शहरावर जर्मन बॉम्ब पडले. हवाई हल्ल्याचे भोंगे तिच्या कानात कायमचे बसले. पुढे केंब्रिजमध्ये तिने गणित आणि संगीत असे दोन्ही विषय घेतले. डेका या रेकॉर्ड कंपनीने तिला नोकरी नाकारली. कारण काय, तर स्टुडिओत आम्ही बायकांना घेत नाही! १९६०मध्ये ती बीबीसीत लागली आणि १९६२मध्ये तिथल्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये पोहोचली. नाटकं आणि कार्यक्रमांसाठी कधी न ऐकलेले आवाज तयार करणं, हे या विभागाचं काम.

तेव्हा तिथे सिंथेसायझर नव्हता. टेप रेकॉर्डर, यंत्रं तपासायचे ऑसिलेटर आणि ब्लेड, बस्स. १९६३मध्ये ‘डॉक्टर हू’ मालिकेसाठी रॉन ग्रेनर यांनी धून लिहून दिली. डेलियाने सहायक डिक मिल्ससोबत ती याच सामानातून उभी केली. एक तार छेडून रेकॉर्ड केली, टेपचा वेग बदलून तिचे वेगवेगळे सूर काढले, प्रत्येक सुराचा तुकडा मोजून कापला आणि चिकटवला. मल्टिट्रॅक नव्हता, म्हणून वेगवेगळ्या टेप एकाच क्षणी सुरू करायच्या. कुठे ताल हुकला, की टेप कॉरिडॉरभर पसरून चुकीचा तुकडा शोधायचा! तयार झालेलं ऐकून ग्रेनर थक्क झाले. श्रेय वाटून घ्यायलाही ते तयार होते, पण बीबीसीने ते होऊ दिलं नाही.

तिची आवडती वस्तू कोणती होती माहितीये? दिव्याची एक हिरवी पत्र्याची शेड. ती वाजवायची, नाद रेकॉर्ड करायचा, ठोक्याचा भाग कापून फक्त घुमणं ठेवायचं. मग त्यात कोणकोणते सूर मिसळलेत ते शोधून तेच ऑसिलेटरवर पुन्हा बांधायचे. आवाज कशाचा बनलाय, हे तिला आतून ठाऊक असायचं.

सिंथेसायझर तिच्या ओळखीतूनच आला. १९६६मध्ये तिच्यासोबत युनिट डेल्टा प्लस हा गट काढणाऱ्या पीटर झिनोविएफ यांच्याच ईएमएस कंपनीने १९६९मध्ये व्हीसीएस ३ बाजारात आणला. वर्कशॉपमध्येही अशी यंत्रं आली. काम झटपट होऊ लागलं, तशी ते आणखी झटपट व्हावं अशी अपेक्षाही वाढली. डेलियाला यंत्रांचं वावडं नव्हतं. तिचं आयुष्यच यंत्रांत गेलं होतं. पण आवाज कणाकणाने घडवण्यातली गंमत तिला या नव्या पद्धतीत सापडेना. १९७३मध्ये तिने बीबीसी सोडली. कारण हे एकच नव्हतं, पण हे एक नक्की होतं. थोड्याच वर्षांत तिचं संगीतही थांबलं. गॅस पाइपलाइनच्या कामावर तिने रेडिओ ऑपरेटरची नोकरी केली.

नव्वदच्या दशकात तरुण संगीतकारांनी तिला पुन्हा शोधून काढलं. ती परत कामाला लागली आणि ३ जुलै २००१ रोजी, ६४व्या वर्षी गेली. घराच्या माळ्यावर २६७ टेप सापडल्या. ‘डॉक्टर हू’च्या पडद्यावर तिचं नाव झळकलं ते २०१३मध्ये, तब्बल पन्नास वर्षांनी.

तुमचं ॲप डिलीट करा, असं कोणी म्हणत नाहीये. सोपं असणं हा गुन्हा नाही. वैताग तेव्हा येतो, जेव्हा सोपं करण्याच्या नावाखाली निवडच काढून घेतली जाते. म्हणून एक करून बघा. प्रीसेट उघडण्याआधी मेसमधला स्टीलचा ग्लास वाजवून रेकॉर्ड करा. ठोका कापा, घुमणं ठेवा, वेग निम्मा करा. जो आवाज येईल, तो दुसऱ्या कुणाच्या फोनमध्ये नसेल.