विश्लेषण : डीएनए एकच, मग पेशी वेगळ्या कशा? ‘एपिजेनेटिक्स’ला नाव देणारे वॅडिंग्टन कोण होते?

यकृताच्या आणि मेंदूच्या पेशीतील डीएनए जवळपास सारखाच असतो, तरी दोन्हींची कामे वेगळी. असे का होते, हे शोधणाऱ्या शाखेला ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉनरॅड हॅल वॅडिंग्टन यांनी १९४२ मध्ये ‘एपिजेनेटिक्स’ हे नाव दिले. आनुवंशिकता डीएनएमधून वाहते, हेही तेव्हा सिद्ध झाले नव्हते.

भारताशी नाते काय?

वॅडिंग्टन यांचा जन्म १९०५ मध्ये इंग्लंडमधील ईव्हशॅमचा. वडील दक्षिण भारतात चहाच्या मळ्यावर कामाला होते. जवळपास तीन वर्षांचे होईपर्यंत ते भारतातच होते. पुढे त्यांना इंग्लंडमध्ये नातेवाइकांकडे ठेवण्यात आले. केंब्रिजमध्ये ते भूशास्त्र शिकले, पण रमले गर्भाच्या वाढीच्या अभ्यासात. १९४७ पासून एडिंबरा हे त्यांचे कार्यक्षेत्र झाले.

त्यांचे म्हणणे काय होते?

डोंगरउतारावरून गोटी सोडली, की ती एखाद्या घळीत शिरते आणि मग सहसा बाहेर पडत नाही. पेशीचेही तसेच, हे चित्र त्यांनी १९५७ च्या पुस्तकात मांडले. उताराचा आकार जनुके मिळून ठरवतात. एकटे जनुक नाही.

वाद कशावरून झाला?

त्यांनी फळमाशीच्या कोषांना चार तास ४० अंश सेल्सिअस उष्णता दिली. काही माश्यांच्या पंखांतील एक आडवी शीर नाहीशी झाली. अशाच माश्यांची पैदास करत गेल्यावर साधारण १४ पिढ्यांनी उष्णता न देताही काही माश्या तशाच निपजल्या. कमावलेले गुण वारशाने मिळतात, असा याचा अर्थ काढणे सोपे होते. सोव्हिएत संघात लायसेंको यांनी याच दाव्याच्या जोरावर आनुवंशशास्त्र मोडीत काढले होते. वॅडिंग्टन यांनी मात्र नैसर्गिक निवडीची चौकट सोडली नाही. माश्यांमध्ये जनुकीय फरक आधीच दडलेले होते. उष्णतेने ते उघड केले आणि निवडीने एकत्र आणले, असे त्यांचे स्पष्टीकरण होते.

पुढे काय झाले?

सप्टेंबर १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी दोन स्वतंत्र शोधनिबंधांनी, डीएनएला चिकटणारा मिथाइल गट जनुकाची कळ चालू-बंद करत असावा, असे सुचवले. १९८४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दिसले, की गर्भ पूर्ण वाढण्यासाठी आई आणि वडील दोघांचाही जनुकसंच लागतो. काही जनुकांवर ती कोणाकडून आली याची खूण असते. हेच ‘जिनोमिक इम्प्रिंटिंग’. १५ व्या गुणसूत्राचा ठरावीक तुकडा वडिलांकडून आलेल्या प्रतीत नसेल तर प्रॅडर-विली, आईकडून आलेल्या प्रतीत नसेल तर अँजलमन हा वेगळाच विकार होतो.

आज ‘एपिजेनेटिक्स’ म्हणजे मुख्यतः या रासायनिक खुणांचा अभ्यास. वॅडिंग्टन यांना मात्र जनुकांपासून शरीर घडेपर्यंतचा सगळा प्रवास अभिप्रेत होता. खुणा कुठे असतात हे आता वाचता येते. त्यांतून शरीर नेमके कसे घडते, या त्यांच्या मूळ प्रश्नावर काम अजून सुरूच आहे.