वेळेवर न मिळालेली रजा

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघाले म्हणजे कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण हे गाव लागते. याच गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. आद्य क्रांतिकारक म्हणून त्यांचे नाव शाळेतील मुलांसही ठाऊक आहे आणि त्यांच्या स्मारकास हार घालणारेही पुष्कळ आहेत. परंतु त्यांच्या चरित्रातील एका अगदी लहान गोष्टीकडे आमच्या लोकांचे जावे तितके लक्ष जात नाही. ती गोष्ट म्हणजे एक रजेचा अर्ज होय.

वासुदेवरावांचे आजे अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ साली किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि किल्लेदाराच्या नातवास पुढे पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरीत कारकुनी पत्करावी लागली. १८७० च्या सुमारास आई अत्यवस्थ असल्याचे वर्तमान त्यांस कळले. त्यांनी रजा मागितली. ती वेळेवर मिळाली नाही. ते घरी पोहोचले तेव्हा माउलीने डोळे मिटले होते. पुढे वर्षश्राद्धासाठी मागितलेल्या रजेचीही तीच गत झाली. कागदावर एक सही करण्यास कितीसा वेळ लागतो? वरिष्ठाने कोणताही कायदा मोडला नाही. अर्जामागे एक मुलगा उभा आहे, एवढेच त्याने पाहिले नाही.

एका रजेपायी माणूस बंडास उभा राहिला, असे म्हणणे आम्हांस मान्य नाही. त्यास कारणे मोठी होती. परंतु ज्याच्या स्वतःच्या अडचणीकडे कोणी पाहिले नाही, त्याने दुसऱ्यांच्या अडचणीकडे पाठ फिरविली नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. १८७६ साली पाऊस गेला व दख्खनेत घोर दुष्काळ पडला. सरकारी दुष्काळी कामावर पुरुष मजुरास १८७७ साली दिवसास एक रत्तल धान्य व एक आणा एवढीच मजुरी ठरविण्यात आली. तीवर कुटुंब जगविणे दूरच, खडी फोडणाऱ्याचे स्वतःचे पोटही भरेना. वासुदेवराव गावोगाव हिंडले. अन्नावाचून मरणारी माणसे व वैराणीवाचून पडलेली गुरे त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. ते दृश्य पाहून कचेरीत पूर्ववत् बसणे त्यांस अशक्य झाले.

पुढील कथा प्रसिद्धच आहे. सुशिक्षितांनी साथ दिली नाही, तेव्हा ज्यांस समाज दारात उभे करीत नसे अशा रामोशांस त्यांनी जवळ केले. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारीस दरोडा पडला. मे महिन्यात दौलतराव नाईक टोळीसह कोकणात उतरले. पनवेलनजीकचे पळस्पे व चिखली लुटली गेली. परत जाताना दौलतराव मारले गेले. या मार्गाची भलामण आम्ही करीत नाही. लुटलेली घरे आपल्याच मुलखातील होती आणि त्या द्रव्याने दुष्काळ हटला नाही. परंतु ज्या सुशिक्षितांनी त्यांस नकार दिला, त्यांपैकी कितीजणांनी उपाशी माणसासाठी दुसरा एखादा मार्ग धरला, हेही विचारणे प्राप्त आहे.

त्याचे उत्तर देता येईल असे पुण्यात काही गृहस्थ होते. त्यांत गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका अग्रगण्य. त्यांच्या सार्वजनिक सभेने दुष्काळात गावोगावची माहिती मिळवून रयतेची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडली होती. जुलै १८७९ मध्ये वासुदेवराव तापाने आजारी असता विजापूरकडील एका देवळात पकडले गेले व पुण्यास आणले गेले. त्या वेळी शहरातील सुशिक्षितांवर सरकारची करडी नजर होती. आरोपीशी ओळख दाखविणेही धोक्याचे, अशा काळी काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. खटल्यात यश आले नाही. जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तथापि एकाकी पडलेल्या मनुष्याच्या शेजारी कोणीतरी उभा राहिला. वासुदेवरावांस एडनला नेण्यात आले. तेथील तुरुंगातून ते १८८० साली निसटले. परंतु लवकरच पुन्हा सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, तेथेच त्यांचा अंत झाला.

परकी राज्य गेले. परंतु अर्ज गेले नाहीत. २०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली. कचेऱ्या वाढल्या, तशी त्यांच्या खिडक्यांपुढे तिष्ठणाऱ्यांची संख्याही वाढली. फॉर्म वाचता न येणारी म्हातारी, गावी बाप आजारी असलेला गडी, इस्पितळाच्या दाराशी रात्र काढणारे खेडूत, ही माणसे आम्हांस रोज भेटतात. त्यांच्यासाठी बंड करावे लागत नाही. म्हातारीस चार ओळी वाचून दाखवाव्या, इस्पितळापाशी बसलेल्यांस गरम भाकरी पोहोचवावी, गड्यास पगार न कापता त्याच दिवशी घरी जाऊ द्यावे, इतकेच पुरे आहे. हे करण्यास धन लागत नाही. आणि ज्यांच्या हाती सही आहे, त्यांस तर काहीच लागत नाही.

शिरढोणच्या स्मारकास हार अवश्य घालावा. परंतु तेथून परतल्यावर आपल्या मेजावर कोणाचा अर्ज पडून आहे, हे प्रत्येकाने प्रथम पाहावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.