पॅरिसमार्गे अजिंठा

हळद शिजवून वाळत घातली, की आमच्या हिंगोली-वसमतकडची खळी पिवळीधमक होतात. माझ्या नववीच्या वर्गातल्या एका मुलीनं एकदा स्मरणचित्रात तेच काढलं होतं. हळदीवर वाकलेल्या तीन बायका. नाक-डोळे नाहीत, सावल्या नाहीत, मागे नुसता सपाट पिवळा रंग. मी चित्रकलेचा मास्तर. लाल पेन्सिलीनं प्रमाणाच्या चुका दाखवल्या आणि जेमतेम पासापुरते गुण दिले. आम्हीही तसंच शिकलो होतो. चित्र फोटोसारखं दिसलं, तर ते चांगलं!

पुढे अमृता शेरगिलचं चरित्र वाचलं आणि त्या गुणांची मला लाज वाटू लागली.

अमृता ३० जानेवारी १९१३ रोजी बुडापेस्टला जन्मली. वडील उमरावसिंग पंजाबातले सरदार, संस्कृत-फारसीचे अभ्यासक आणि छायाचित्रणाचे वेडे. आई हंगेरियन गायिका. १९२१ साली हे कुटुंब सिमल्याला आलं. पोरीचा हात पाहून तिच्या मामानं, एर्विन बाक्ताय यांनी, तिला समोर माणूस बसवून चित्र काढायची सवय लावली. १९२९ साली, सोळाव्या वर्षी, ती पॅरिसला पोचली.

त्या पॅरिसमध्ये काय घडून गेलं होतं, ते समजून घ्यायला हवं. युरोपच्या चित्रकारांनी कित्येक शतकं एकच ध्यास घेतला होता: सपाट कापडावर हुबेहूब खोली दाखवायची. १८३९ साली कॅमेरा जगापुढे आला आणि हुबेहूबपणा यंत्राच्या हाती गेला. १८७४ साली मोने, रन्वार वगैरे मंडळींनी आपलं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. त्यांना वस्तूपेक्षा तिच्यावरचं ऊन पकडायचं होतं. सेझाननं सफरचंदं रंगवली ती खावीशी वाटावीत म्हणून नव्हे, तर त्यांचं वजन जाणवावं म्हणून. सावलीऐवजी तो रंगाशेजारी रंग ठेवून आकार घडवी. गोगँ १८९१ साली ताहितीला निघून गेला आणि सपाट, गडद रंगांत तिथल्या बायका रंगवू लागला. यातल्या बहुतेकांनी जपानी ठसेचित्रं हौसेनं पाहिली होती. म्हणजे युरोपच्या नव्या चित्रकलेचं एक मूळ पूर्वेकडेच रुजलेलं होतं.

अमृता ल्युसियाँ सिमोंच्या हाताखाली रीतसर शिकली. ‘यंग गर्ल्स’ या चित्राला १९३३ साली पॅरिसच्या सलोंमध्ये सुवर्णपदक मिळालं. तिथंच राहिली असती, तर नाव झालंच असतं. पण सेझान, गोगँ पाहता पाहता तिला भारतीय चित्र-शिल्पं उमगू लागली. आधुनिक कलेनंच आपल्याला अजिंठ्याचं मोल कळलं, असं तिनं १९३४ साली आईवडिलांना कळवलं. अजिंठा तिनं तोवर प्रत्यक्ष पाहिलेलाही नव्हता! त्याच वर्षाच्या अखेरीस ती भारतात परतली.

१९३६ च्या अखेरीस मुंबईत ‘ताज’मध्ये तिचं प्रदर्शन झालं. वकील आणि कलासमीक्षक कार्ल खंडालावाला यांच्याशी तिथंच मैत्र जमलं. मग ती अजिंठ्याला आली. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, आपली हिंगोलीही. लेण्यांतल्या त्या अंधारात तिला गेरूच्या रंगात बसलेली माणसं दिसली. सावलीचा आधार न घेता नुसत्या रेषेनं आणि रंगानं भरलेली. पॅरिसनं डोळे तयार केले होते, म्हणून ती तिला ओळखू आली. मी तर त्याच लेण्यांत पोरांच्या किती सहली नेल्या. लक्ष सगळं पोरं मोजण्यात!

तिथून ती हैदराबादला गेली. सालारजंगांनी तिची काही चित्रं ठेवून घेतली आणि अखेर परत पाठवली. राजधानीच्या रसिकांचा न्याय हा असा. मग गावातल्या मास्तराचं काय घेऊन बसलात? पुढे दक्षिण पाहून ती घरी गेली आणि १९३७ साली तिनं ‘ब्रह्मचारी’, ‘वधूचा शृंगार’ ही चित्रं केली. त्याच वर्षी ‘तीन मुली’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. १९३८ मध्ये तिनं डॉक्टर व्हिक्टर एगनशी लग्न केलं. लाहोरला प्रदर्शन काही दिवसांवर आलं असताना, ५ डिसेंबर १९४१ रोजी ती गेली. वय अवघं अठ्ठावीस.

दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात मी ‘ब्रह्मचारी’समोर उभा राहिलो. पांढरी धोतरं आणि मागची तांबूस माती. सवयीनं छाया-प्रकाश शोधू लागलो, इतका जवळ गेलो की रखवालदारानं दोनदा मागे सारलं.

ती विद्यार्थिनी गेल्या दसऱ्याला भेटली. वसमतकडे दिलीय, घरची हळद आहे. तुझं चित्र मी जपून ठेवलंय, गुण द्यायला चुकलो, असं तिला सांगितलं. तिला चित्र आठवेना. वर्ष मात्र आठवलं. त्या साली हळदीला भाव नव्हता.